पाणी केवढं, ते आधी विचारा

संगणकावर पाणी करायला शिकणारी मुलं पहिल्याच आठवड्यात हुडिनी हे सॉफ्टवेअर उघडतात, हौदात एक गोळा सोडतात, पाणी उसळतं आणि त्यांना वाटतं, जमलं! तेवढ्यापुरतं जमलेलं असतंही. पुढे जाहिरातीचं काम आलं की मात्र तारांबळ उडते. सिनेमातली वादळी लाट खरी की खोटी, हे सांगायला प्रेक्षक कधी तसल्या समुद्रात गेलेला नसतो. पेल्यात पडणारं पाणी मात्र तो रोज बघतो. त्यात काही खटकलं तर काय खटकलं ते त्याला सांगता येणार नाही, पण खटकेल नक्की.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे घरगुती वॉटर प्युरिफायरची तीस सेकंदांची जाहिरात आली. काम दुसऱ्या एका स्टुडिओत अर्धवट झालेलं, तारीख तोंडावर आलेली. शॉट दिसायला साधा होता. नळातून धार पेल्यात पडते, पाणी उसळतं आणि त्याचा एक पट्टा वर येऊन यंत्राभोवती वेढा घेतो. आधीच्या लोकांचं काम वाईट नव्हतं. प्रतिबिंबं नेटकी, रेंडर स्वच्छ. तरी एजन्सीकडून प्रत्येक वेळी एकच शेरा यायचा, ‘पाणी जड वाटतंय.’ त्यावर व्हिस्कॉसिटी कमी केलेली, कण वाढवलेले, शेवटी एडिटमध्ये वेग वाढवूनही पाहिलेला. आमच्या टीममधला एक मुलगा वैतागून म्हणाला, “दादा, व्हिस्कॉसिटी तर शून्यच आहे. अजून काय कमी करू?”

दोष पाण्यात नव्हताच, पेल्यात होता. पेला माया या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला. मायाचं एकक मुळात सेंटिमीटरचं असतं, आणि हुडिनी मात्र एक एकक म्हणजे एक मीटर धरतं. कोणी मध्ये हिशेब जुळवला नाही, तर १५ सेंटिमीटरचा पेला पलीकडे १५ मीटरचा होतो. म्हणजे चांगली पाच मजली इमारत. पडद्यावर पेला पेल्याएवढाच दिसतो, कारण कॅमेराही त्याच प्रमाणात लांब गेलेला असतो. गणिताला मात्र तो इमारतीएवढाच दिसतो, आणि त्यात पाणी कोयनेच्या दरवाजांतून सुटल्यासारखं पडत राहतं.

हे आकड्यांत एकदा नीट पाहून घ्या. वस्तू पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. १५ सेंटिमीटरवरून पाणी पडायला साधारण ०.१७ सेकंद लागतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या २५ फ्रेमच्या हिशेबाने सव्वाचार फ्रेम. तेच १५ मीटरवरून पडायला पावणेदोन सेकंद, म्हणजे चव्वेचाळीसेक फ्रेम. आकार शंभरपट झाला की वेळ दहापट होतो. पाणी जड वाटत होतं ते याच दहापटीमुळे.

मग दहापट वेगाने चालवलं की झालं, असं वाटेल. तसं होत नाही. लहान आकारात पाण्यावर गुरुत्वाकर्षणाइतकाच पृष्ठताणाचाही अंमल असतो. दोघांची बरोबरी होते ती सीमा साध्या पाण्यात साधारण २.७ मिलिमीटरवर येते. त्याहून बारीक सगळ्या गोष्टी, म्हणजे धारेचं शेपूट, तिच्यातून सुटणारे गोल मणी, उसळलेल्या पातळ पडद्याची जाड कड, या पृष्ठताणानेच घडतात. पंधरा मीटरच्या पेल्यात त्याला विचारतो कोण? तिथे पडदा गोल थेंबांत न तुटता चिंधड्या होऊन फाटतो, आणि वेग वाढवला की त्या चिंधड्याच वेगाने धावतात. त्यातून फ्लिप सॉल्व्हरमध्ये, म्हणजे पाण्याच्या कणांचं गणित करणाऱ्या यंत्रणेत, पृष्ठताणाचा पर्याय सहसा बंदच असतो, आणि चालू केला की गणित मंदावतं, म्हणून कोणी त्याच्या वाटेला जात नाही. (जाता जाता एक गंमत. ही फ्लिप पद्धत मूळची १९८६ मधली, भौतिकशास्त्रज्ञांची. ॲनिमेशनच्या जगात ती रुळली झू आणि ब्रिडसन यांच्या २००५ च्या निबंधामुळे, आणि तो निबंध होता वाळूवर!)

म्हणून काम हातात घेतल्याबरोबर खऱ्या जगात ती वस्तू किती सेंटिमीटरची आहे ते मोजा आणि सीनमध्ये तपासा. खऱ्या मापात पेल्याची भिंत दोन मिलिमीटरची निघते आणि कण तिच्यातून पाझरतात. त्यावर टक्करीसाठी बाहेरच्या बाजूने जाड केलेला वेगळा पेला वापरायचा. फार बारीक आकड्यांचा त्रास होत असेल, तर सीन मुद्दाम दहापट मोठा ठेवा, पण मग गुरुत्वाकर्षणही दहापट करा, म्हणजे वेळ तोच राहील. पृष्ठताण मात्र दहापट करून भागत नाही, तो हजारपट करावा लागतो. इथे भलेभले फसलेले मी पाहिले आहेत.

दुसरी फसवणूक रेफरन्सची. डिरेक्टर एक सुंदर स्प्लॅश दाखवतो आणि म्हणतो, असंच हवं. तो कॅमेरा सेकंदाला किती फ्रेमने चालला होता, हे विचारल्याशिवाय मान डोलावू नका. १००० फ्रेमने टिपलेलं दृश्य २५ ने दाखवलं की चाळीसपट संथ होतं. असा संथपणा हवा असेल तर पाणी खऱ्या आकाराचंच ठेवा आणि सॉल्व्हरचा काळ चाळीसपट मंद करा. पाणी मोठं करूनही ते संथ होतं, पण तो संथपणा धरणाचा. दोन्हींतला फरक थेंबात दिसतो. तसंच, हॅरल्ड एजर्टन यांनी १९५७ साली टिपलेला दुधाच्या थेंबाचा मुकुट दाखवून तो भरलेल्या पेल्यात मागणारे पुष्कळ भेटतात. तसा रेखीव मुकुट उठतो तो द्रवाच्या पातळ थरावर. खोल पाण्यात खड्डा पडतो आणि मधून खांब वर येतो. हे मीटिंगमध्येच शांतपणे सांगावं. त्यांना तरीही मुकुटच हवा असेल तर द्यावा, जाहिरात ही काही प्रयोगशाळा नाही. फक्त तो आपोआप उठेल या भरवशावर बसू नये.

माप जुळल्यावरही आमचा खरा घाम निघाला तो मंजुरीत. पट्ट्याचा आकार एजन्सीने कमी कणांच्या प्रीव्ह्यूवर मंजूर केला होता. कणांमधलं अंतर निम्मं केलं की कण आठपट होतात, हे सगळ्यांना माहीत असतं, कारण डिस्क भरते. पण तपशील वाढला की चालही बदलते, हे क्लायंटला कोणी सांगितलेलं नसतं. जाड कणांत जो पट्टा अखंड दिसत होता, तो बारीक कणांत तीन ठिकाणी तुटला. समोरच्यांचं म्हणणं सरळ होतं, ‘आम्ही हा आकार पास केला नव्हता.’ त्यांचंही चुकत नव्हतं. तेव्हापासून मी प्रीव्ह्यूवर फक्त वेळ आणि कॅमेरा मंजूर करून घेतो. आकारासाठी साध्या वक्ररेषेवर ओढलेला पट्टा दाखवतो, तो पास झाला की त्याच रेषेतून वेगाचं क्षेत्र तयार करून कणांना त्यावरून नेतो, आणि धार, उसळी, पट्टा अशी तीन वेगळी सिम्स (सिम्युलेशन्स) करतो. एकाच सिममध्ये सगळं आणायचा हट्ट देखणा असतो, पण त्यात एका थेंबाची जागा बदलायची म्हटली तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

उरलेल्या बाबी किरकोळ, पण रात्र खाणाऱ्या. पाण्याच्या मेशमध्ये दर फ्रेमला बिंदूंची संख्या बदलते, त्यामुळे मोशन ब्लर वेगाच्या नोंदीवरूनच काढावा लागतो. जागा वाचवायला कॅशमधून ती नोंद उडवली की रेंडरच्या वेळी बोंब. पाण्याचा मेश काचेला जेमतेम टेकवून ठेवू नका, किंचित आत घुसवा, नाहीतर मध्ये हवेची चंदेरी फट चमकते. फेस घालायचा मोह आवरा. पेल्यातल्या गोड्या पाण्यात बुडबुडे क्षणात फुटतात, समुद्राचा पांढरा फेस तिथे डिटर्जंटसारखा दिसतो. आणि पाण्याला स्वतःचं रूप नसतं. आजूबाजूला उजळ पांढरं आणि कडांना काळं नसेल, तर उत्तम सिमही राखाडी जेलीसारखं दिसेल. टेबलटॉपवाले फोटोग्राफर पेल्याच्या दोन्ही बाजूंना काळी कार्डं लावतात, तशीच संगणकातही लावा.

शेवटी पेल्यात पडणारी धार आम्ही प्रत्यक्ष शूट केली आणि संगणकात फक्त पट्टा केला. नळाखाली पाणी पडायला पैसे लागत नाहीत, आणि हाय-स्पीड कॅमेऱ्याचं दिवसाचं भाडं अनेकदा रेंडर फार्मच्या बिलापेक्षा कमी भरतं. कोटेशन देण्याआधी हा हिशेब मांडून बघा. शूट करायचं ठरलं तर पहिला टेक पेल्याशेजारी मोजपट्टी उभी धरून घ्या, पाटीवर फ्रेम रेट लिहा आणि नळापासून पाण्यापर्यंतचं अंतर टिपून ठेवा. सेटवर हे सांगितलं की असिस्टंट डिरेक्टर वैतागतात. वैतागू द्या.