कंटेनर आणि गोदाम

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

मी शिवडीचा. आमच्याकडे कंटेनर येतात, रिकामे होतात, निघून जातात. माल राहतो तो गोदामात. लहानपणापासून हे बघतोय, तरी डॉकर शिकताना सुचलं नाही आणि हॉस्टेलच्या वाचनालयाची ३०० पुस्तकांची यादी गेली.

झालं असं. जुन्या पीसीवर आम्ही दोन कंटेनर चालवले, एक ॲपचा आणि एक पोस्टग्रेसचा. दोन ज्युनियर्सनी तीन रात्री जागून यादी टाइप केली. मी सेटिंग बदलण्यासाठी ‘कंपोज डाऊन’ केलं, परत ‘अप’ केलं. डेटाबेस कोरा! खरं तर जुना डेटा एका निनावी व्हॉल्यूममध्ये शिल्लक होता. पण मी घाबरून ‘व्हॉल्यूम प्रून’ मारलं आणि उरलंसुरलंही झाडून टाकलं.

म्हणून आधी गोदाम बांधा. कंपोज फाइलमध्ये व्हॉल्यूमला स्वतःचं नाव द्या आणि तो पोस्टग्रेसच्या डेटा फोल्डरला जोडा. १७ व्या आवृत्तीपर्यंत हा मार्ग ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा’ असा आहे, १८ पासून शेवटचं ‘डेटा’ गाळायचं. (टाइप अर्थात इंग्रजीतच करायचं!) मात्र ‘डाऊन’ला ‘व्ही’ हा पर्याय जोडलात, तर नाव दिलेला व्हॉल्यूमही जातो.

दुसरी अडचण पत्त्याची. ॲपला डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ दिला तर तो स्वतःच्याच कंटेनरमध्ये शोधत बसतो. तिथे फाइलमधलं सर्व्हिसचं नाव लिहा, आमचं ‘डीबी’ आहे. पोर्ट ५४३२ बाहेर उघडायची गरजच नाही. ॲप आतल्या नेटवर्कवरून पोहोचतं. उगाच अख्ख्या हॉस्टेलच्या वायफायला दार कशाला उघडं ठेवायचं?

पासवर्डनं मात्र माझा अख्खा रविवार खाल्ला. फाइलमध्ये बदलला, कंटेनर नव्याने उभा केला, तरी ॲप आत जाईना. कारण इमेज तो पासवर्ड फक्त पहिल्यांदा, डेटा फोल्डर रिकामा असतानाच वाचते. नंतर बदलायचा तर डेटाबेसमध्ये शिरून ‘ऑल्टर यूझर’ करावं लागतं, आणि मग ॲपकडेही तोच नवा द्यावा लागतो.

आता दर रविवारी ‘पीजी-डंप’ काढून पेनड्राइव्हवर ठेवतो. नुसता ठेवत नाही, वेगळ्या कंटेनरमध्ये भरून पुस्तकं मोजतोसुद्धा. परवा ३१२ भरली.

यादी ज्युनियर्सनीच पुन्हा टाइप केली. त्यांची वडापावची पार्टी अजून माझ्याकडे बाकी आहे.