आधी अंगण सपाट करा

गाडी खाली बसवली की दिसते झकास. चार-सहा महिन्यांनी कुणीतरी जॅक लावून मागचं चाक काढतं आणि मग कळतं: बाहेरून नक्षी नवीकोरी, आतल्या कडेला मात्र तार उघडी पडलेली. माझ्या स्कोडा लॉराचं असंच झालं. अलाइनमेंटच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "मागं काही करायचं नसतंय." स्विफ्ट असती तर त्याचं बरोबर होतं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडीखाली बघा. स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी या गाड्यांच्या मागे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच आडवा बीम असतो. त्यात फिरवायला बोल्टच नाही. फार तर हब आणि बीमच्या मध्ये पाचरीसारखा शिम घालता येतो. तुमची गाडी त्यातली असेल तर खालची निम्मी कृती तुमच्या कामाची नाही, पण मोजमाप तरी करून बघाच. लॉराचं तसं नाही. तिच्या मागच्या प्रत्येक चाकाला चार आर्म आहेत, आणि त्यातल्या दोहोंच्या आतल्या टोकाला विकेंद्री बोल्ट. डोकं फिरवलं की आर्म थोडा आत किंवा बाहेर सरकतो. वरच्या आर्मचा बोल्ट कॅम्बरसाठी, आणि ज्यावर स्प्रिंग बसते त्या खालच्या आर्मचा टोसाठी.

कॅम्बर म्हणजे चाकाचं उभ्या रेषेपासून कलणं. चाकाचं डोकं आत कललं की तो उणे. टो म्हणजे चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलं आहे ते. गाडी खाली आली की या रचनेत उणे कॅम्बर वाढतो आणि टोही बदलतो. सगळे दोष कॅम्बरला देतात, पण टायर खाण्यात टोचा वाटा मोठा. कललेलं चाक निदान गोल तरी फिरतं; तोंड वळलेलं चाक प्रत्येक मीटरला थोडं फरफटत जातं.

साहित्य आमच्या उमरी गावात मिळेल तेवढंच: गवंड्याची लाइनदोरी, ओळंबा, पारदर्शक पाणीनळी, स्टीलची पट्टी, एकसारख्या लांबीचे दोन लोखंडी पाइप, चार स्टँड, आठ चकचकीत टाइल्स, ग्रीस. शिवाय टॉर्क पाना. खालचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना फिरवायचे असल्याने खड्डा असलेलं गॅरेज हवं. मी ट्रॅक्टरच्या गॅरेजचा खड्डा रविवारी मागून घेतला. खड्डा नसेल तर चारही चाकांखाली सारख्या उंचीचे रुंद लाकडी ठोकळे घ्या. विटांवर गाडी चढवून खाली शिरू नका. वीट भार पेलते, पेलते आणि न सांगता फुटते.

आदल्या रात्री चारही विकेंद्री बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट बुशच्या नळीत गंजून धरलेला असला तर गॅस लावायचा मोह होतो. तिथलं रबर जळेल. नवे बोल्ट आणि नट आधीच आणलेले बरे. त्याच रात्री बुश, बॉल जॉइंट आणि बेअरिंग हलवून बघा. ढिल्या बुशवर मोजमाप म्हणजे वाळूवर रेघ.

सकाळी पहिलं काम जमिनीचं. माझे मामा गवंडी. कोबा बघून ते म्हणाले, "भाचे, इथं अंगण खरंच वाकडं हाय, नाचणाऱ्याची चूक नाही." चारही चाकं जिथे टेकणार तिथे खुणा केल्या आणि पाणीनळीने पातळी घेतली. कोपऱ्याकोपऱ्यात ११ मिलिमीटरचा फरक निघाला. फरशीचे तुकडे आणि पत्रा घालून तो २ मिलिमीटरच्या आत आणला. हे काम कंटाळवाणं आहे आणि तासभर खातं, पण डावी-उजवी पातळी चुकली तर पुढचे सगळे आकडे थापा मारतात. मग प्रत्येक खुणेवर दोन टाइल्स एकमेकींवर, मध्ये ग्रीस. चाक त्यावर टेकलं की बाजूला सरकायला मोकळं होतं, नाहीतर टायरची पकड स्प्रिंगला खरी जागा घेऊ देत नाही.

टायरमधली हवा सारखी करा. टाकी अर्धी ठेवा. ड्रायव्हरच्या जागी तुमच्या वजनाइतका भार ठेवा. आमच्याकडे सोयाबीनचा कट्टा आणि वर एक टूलबॉक्स होता. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही उंच्या लिहून घ्या. मागची डावी-उजवी वेगळी निघाली तर आधी कॉइलओव्हरची रिंग फिरवून ती सारखी करा. उंची बदलली की कोन बदलणारच, त्यामुळे हे नंतर करून चालत नाही.

आता दोरी. दोन्ही पाइपांवर सारख्याच अंतरावर खाचा पाडा; अंतर गाडीच्या रुंदीपेक्षा हातभर जास्त. एक पाइप गाडीच्या पुढे, एक मागे, हबच्या उंचीवर. खाचांतून दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणा. खाचा सारख्या, म्हणून दोऱ्या समांतर. मग पाइप सरकवत पुढच्या दोन्ही हबपासून दोरीचं अंतर डावीकडे-उजवीकडे सारखं करा, तसंच मागच्या दोन्ही हबचं. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळायची गरज नाही, कारण पुढचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, आणि मागचा वेगळा असतो. इथेच बहुतेकांची गफलत होते.

मागच्या चाकाच्या रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजा, मग मागच्या कडेपासून. पुढचं अंतर जास्त भरलं तर टो आत आहे. आपल्या रस्त्यांवर रिम सरळ असण्याची खात्री नाही, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. कॅम्बरसाठी मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा. वारा असेल तर ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, दोरी लगेच स्थिर होते. रिमची वरची कड दोरीपासून जास्त लांब असेल तर कॅम्बर उणे.

मिलिमीटरचे अंश करायचे तर रिम काठापासून काठापर्यंत मोजा आणि ५७.३ ने भागा. १७ इंची रिम काठाकाठाने साधारण ४७२ मिलिमीटर भरतं. म्हणजे १ अंशाला ८.२ मिलिमीटर, आणि १० मिनिटांच्या, म्हणजे अंशाच्या सहाव्या भागाच्या, टोला जेमतेम १.४. एवढ्यासाठी सुतळी चालणार नाही, बारीक नायलॉनची दोरीच लागते.

कंपनीचा मागचा कॅम्बर उणे १ अंश २० मिनिटांच्या आसपास असतो. खाली बसवलेल्या गाडीला रस्त्यावर उणे दीड चांगला, २ च्या पुढे जाऊ नका. दोन्ही चाकांतला फरक अर्ध्या अंशाच्या आत हवा. टो प्रत्येक चाकाला आत ५ ते १० मिनिटं, दोन्हीकडे सारखा. मागे टो बाहेर कधीही ठेवू नका: वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडीची शेपूट बाहेर पडते. डाव्या-उजव्या टोमध्ये फरक राहिला तर सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं आणि गाडी तिरकी चालते.

फिरवण्याआधी बोल्टाच्या डोक्याची जागा रंगाने खुणा करून ठेवा. आधी कॅम्बर, मग टो, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. नट थोडा सैल करा, विकेंद्री बोल्ट किंचित फिरवा, नट हाताने आवळा. गाडी दोन-तीन मीटर मागे-पुढे ढकलून पुन्हा टाइल्सवर आणा, बंपर दाबून सोडा आणि मग मोजा. माझ्या चार फेऱ्या झाल्या. बोल्ट शेवटपर्यंत फिरवूनही कॅम्बर २ च्या आत येत नसेल तर ओढाताण करू नका. लांबी बदलता येणारा वरचा आर्म बसवा, किंवा गाडी थोडी वर घ्या. मला विचाराल तर वर घ्या. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आहे, पण गावकीचा गतिरोधक मानक वाचून बांधलेला नसतो. शिवाय आमच्याकडे रस्त्याखालची जमीन काळी: पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं डांबर लाटा घेतं.

आकडे जमले की नट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, गाडी चाकांवर उभी असतानाच. बाकीच्या आर्मचे रबर बुश असलेले बोल्टही याच अवस्थेत सैल करून पुन्हा आवळा. गाडी खाली बसवताना चाकं लटकत ठेवून ते आवळले गेले असतील, तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. माझं डावं असंच फाटत आलं होतं.

यानंतर पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, हेडलाइटची उंची तपासा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, तेव्हा हौस करण्याआधी आरटीओत विचारा. हजार किलोमीटरनंतर मागच्या टायरवरून तळवा आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने करवतीसारखं लागलं तर टो अजून चुकलेला आहे. दोरी पुन्हा ताणा.

आणि मामांची लाइनदोरी परत देताना तिचं ग्रीस पुसून द्या. सोमवारी त्यांना भिंत घ्यायची असते.