विदूषक माशाची पिल्ले

मुलांनो, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा तुम्ही चित्रात पाहिला असेल. त्याच्या अंड्यांची राखण नर करतो. सुमारे आठवड्याने, रात्रीच्या अंधारात अंडी फुटतात. पिल्लू जेमतेम ४ मिलिमीटर लांब असते.

पिल्लांसाठी खाऱ्या पाण्याची वेगळी टाकी करतात. तिच्या बाजू काळ्या कागदाने झाकतात. त्यामुळे पिल्लांना भक्ष्य नीट दिसते. पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस ठेवतात. पिल्ले नाजूक असल्याने हवेचे बुडबुडे हळू सोडतात.

सुरुवातीला पिल्ले जिवंत, सूक्ष्म जीवच खातात. म्हणून रोटिफर नावाचे जीव आधीच वाढवून ठेवतात. उशीर झाला, तर पिल्ले काही दिवसांतच उपाशी मरतात. वेळेवर अन्न मिळाले, तर सुमारे दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावर पट्टे उमटू लागतात.

प्रश्न : रोटिफर आधीच का वाढवतात?