'धेनु' शब्दाचा अर्थविचार

श्रीमद्भगवद्गीतेच्या 10व्या अध्यायात, 28व्या श्लोकात, भगवान श्रीकृष्णचक्रवर्ती धेनूंमध्ये आपण कामधेनु असल्याचे सांगतात. तेथे 'धेनु' म्हणजे 'गाय' एवढाच अर्थ घेऊन वाचक पुढे जातो. तो अर्थ अपुरा आहे.

शंका : गायच सांगावयाची तर 'गो' शब्द का योजिला नाही?

समाधान : 'गो' शब्द जातिवाचक असून बैलासही लागतो, 'धेनु' अवस्थावाचक आहे. यास्काचार्य निरुक्तात याची व्युत्पत्ती दोन प्रकारे देतात : एक पिणे या अर्थाच्या धातूवरून, दुसरी तृप्त करणे या अर्थाच्या धातूवरून. वासरू जिचे दूध पिते, अथवा जी तृप्त करते, ती धेनु. अमरकोशानुसार नुकतीच व्यालेली ती धेनु. पाणिनीही एकाच सूत्रात (2.1.65) पहिलटकरीण 'गृष्टि', वांझ 'वशा', गाभ टाकणारी 'वेहत्' यांहून धेनु वेगळी सांगतो.

शिवाय हा शब्द गोजातीपुरताही नाही. अमरकोशात 'धेनुका' हे हत्तिणीचे नाव आहे. अवेस्तेतील 'दएनु' हा सजातीय शब्द घोडा, उंट, गाढव यांच्या नावांस जोडला असता त्यांची मादी दर्शवितो.

तात्पर्य, वशा ही गाय खरी, पण धेनु नव्हे. धेनुत्व जन्माने येत नाही, पाजण्याने येते. आणि मागेल ते देणारी कामधेनु म्हणूनच धेनूंत श्रेष्ठ ठरते. निरूपणकर्त्याने येथे नुसते 'गाय' न म्हणता 'दुभती गाय' म्हणावे. अन्यथा श्लोकातील दातृत्वाचा भाव श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाही.