कुत्र्याची नखं घरीच कापायची, तर किती पैसे लागतात?

आखाड्यावर राखणीला असलेल्या मोत्याची नखं कापायची वेळ सहसा येत नाही. मुरमाड रानात दिवसभर हुंदडला की ती आपसूक झिजतात. खरा प्रश्न बीड, परळी, अंबाजोगाईत फरशीवर वाढणाऱ्या लॅब्राडोर-पामेरियनचा. चालताना टकटक वाजायला लागलं की नखं वाढली म्हणून समजा. मात्र मोत्याचीही एक नखी बघाच : पुढच्या पायाच्या आतल्या अंगाला, जरा वर असलेली. ती जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही, आणि वाढली की गोल वळून कातडीत रुतते. रुतलेली असेल तर घरी हात लावू नका, डॉक्टरांनाच दाखवा.

पक्कडीसारखं नखकटर साधारण १५० ते ४०० रुपयांत येतं. आपलं नेलकटर चालत नाही. कुत्र्याचं गोल नख त्यात दबून चिरतं. घासायचं मशीन ७०० रुपयांच्या पुढे. त्याच्या घरघरीनं बरीच कुत्री बिथरतात, नवख्यानं त्याच्या नादी लागू नये. रक्त थांबवायच्या तयार पावडरीला तीन-चारशे मोजण्यापेक्षा दहा-वीस रुपयांची तुरटी कुटून डबीत ठेवा. दाढीनंतर न्हावी फिरवतो तीच. म्हणजे सगळं पाचशेच्या आत.

खासगी डॉक्टर नखं कापायचे शे-दोनशे घेतात. पहिल्या खेपेला ते जरूर द्या आणि शेजारी उभं राहून नीट बघून घ्या. याहून स्वस्त शिकवणी नाही. संभाजीनगरच्या ग्रूमिंगवाल्याचा दरही फार नसतो, पण बीडहून जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरचं डिझेलच हजाराच्या वर जातं. आणि १९६२ वर फोन करून फिरता दवाखाना नखांसाठी बोलावू नका, कुणाची तरी गाय अडलेली असते.

पांढऱ्या नखात गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडे थांबायचं. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून टोकापासून पातळ चकत्या काढत जायचं. कापलेल्या भागाच्या मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसला की बास. फार वाढलेलं नख एका दमात आखूड करायला जाऊ नका. नखाबरोबर शीरही पुढे आलेली असते. आठ-दहा दिवसांनी थोडं थोडं कापलं की ती मागे सरकते. चुकून रक्त आलंच तर तुरटीची पूड दोन-तीन मिनिटं दाबून धरा. पंधरा मिनिटांतही थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

कुत्रं चावरं असेल तर शे-दोनशेची मुस्की आधी घ्या, आणि रेबीजची लस चुकली असेल तर ती त्याहून आधी. तरीही दात लागलाच तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. माणसाची रेबीजची लस बीडचं जिल्हा रुग्णालय असो की अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, फुकट मिळते.