मानेतली नळी आणि जंतूंची वाट

आपला माणूस अतिदक्षता विभागात असतो. भेटीच्या वेळी आत जावे तर मानेजवळ टाके घालून बसवलेली एक नळी दिसते. हे कसले सलाईन, असा प्रश्न मनात येतो. पण विचारायचा धीर होत नाही. म्हणून आज या नळीची माहिती घेऊ.

हातावरच्या सलाईनची सुई बारीक शिरेत असते. मान, गळ्याजवळचे हाड किंवा जांघ येथून घातलेली ही नळी मात्र मोठ्या नीलेत जाते. तिला ‘सेंट्रल लाइन’ म्हणतात. हाताच्या शिरेला न सोसणारी तीव्र औषधे, शिरेवाटे द्यायचे पोषण, तातडीचे डायलिसिस यांसाठी ती लागते. अनेकदा तिच्यामुळेच प्राण वाचतात.

परंतु त्वचा ही शरीराची तटबंदी आहे आणि नळी हे तिला पडलेले खिंडार. कातडीवरचे जंतू नळीच्या कडेने आत सरकतात, तर हातांवरचे जंतू नळीच्या तोंडातून शिरतात. नळीवर त्यांचा चिकट थर जमतो. त्यात औषध नीट पोचत नाही, म्हणून बऱ्याचदा नळीच काढावी लागते. जंतू रक्तात पसरल्यास जिवावर बेतते.

हा संसर्ग टळणारच नाही, असे पूर्वी मानत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ साली नळी घालणाऱ्या डॉक्टरांसाठी पाच गोष्टींची यादी केली :

१. आधी हात स्वच्छ धुवा.
२. रुग्णाची त्वचा क्लोरहेक्सिडिनने निर्जंतुक करा.
३. टोपी, मास्क, निर्जंतुक झगा व हातमोजे घाला. रुग्णाला निर्जंतुक चादरीने पूर्ण झाका.
४. शक्यतो जांघेतून नळी घालू नका.
५. गरज संपताच नळी काढा.

यात नवे काहीच नव्हते. नवी होती ती शिस्त. डॉक्टरांनी एखादी पायरी गाळली, तर त्यांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला. मिशिगन राज्यातील १०३ अतिदक्षता विभागांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. एक हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ असणारा संसर्ग दीड वर्षात १.४ वर आला होता.

नातेवाइकांनी काय करावे?

भेटीआधी आणि नंतर हात धुवावेत. नळीला, ड्रेसिंगला हात लावू नये. ड्रेसिंग सुटले, भिजले किंवा रक्ताने माखले असेल तर सिस्टरांना लगेच सांगावे. आणि डॉक्टरांना रोज नम्रपणे विचारावे, “डॉक्टरसाहेब, ही नळी अजून लागणार आहे का?” नळी जितके दिवस राहते, तितका धोका वाढतो. या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

डायलिसिसचे काही रुग्ण मानेत नळी घेऊनच घरी येतात. त्यांनी अधिक जपावे. आंघोळीत ड्रेसिंग भिजू देऊ नये. नळीचे टोपण घरी उघडू नये. डायलिसिसखेरीज अन्य कामासाठी, अगदी तपासणीचे रक्त काढण्यासाठीही, ती कोणाला सहसा वापरू देऊ नये. हातावर फिस्टुला करण्याचा सल्ला मिळाला असेल तर चालढकल करू नये.

ताप आला, हुडहुडी भरली, विशेषतः डायलिसिस सुरू होताच थंडी वाजली, किंवा नळीभोवती लाली, दुखणे वा पू दिसला, तर ‘हिवताप असेल’ म्हणून घरी गोळी घेऊन बसू नये. त्याच दिवशी डायलिसिस केंद्र गाठावे.

नळी जीव वाचवण्यासाठी घातलेली असते. तिच्यावाटे जंतू आत जाऊ नयेत, हे पाहणे डॉक्टर, परिचारिका आणि आपण, अशा सर्वांचेच काम आहे.