जाड भिंतींच्या जुन्या घरात वाय-फाय कसे पोचवावे?

विदर्भातील जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर ते दीड हात जाड असतात. पांढऱ्या मातीच्या वा विटा-चुन्याच्या या भिंती मे महिन्यातही घर थंड ठेवतात. परंतु याच भिंतींमुळे बैठकीत इंटरनेट चांगले चालते आणि माजघरात मुळीच चालत नाही, असे अनेक घरांतून आढळून येते. हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप परिसरात वीज पडण्याची शक्यता असल्यास सूचना देते. ती सूचना मागच्या खोलीत पोचलीच नाही, तर गोठ्याकडे निघालेल्या माणसाला थांबवणार कोण?

भिंत लहरी का अडवते?

वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने दोन पट्ट्यांत येतात. 2.4 गीगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 12.5 सेंटीमीटर, तर 5 गीगाहर्ट्झची 5 ते 6 सेंटीमीटर असते. दुसरा पट्टा वेगवान असला तरी भिंतीपुढे लवकर हात टेकतो. आमच्या प्रताप नगरातील 9 इंची विटांच्या भिंतीतून तो कसाबसा पलीकडे जातो, वाड्याच्या भिंतीतून जवळजवळ नाहीच. शहरात शेजाऱ्यांच्या लहरींची गर्दी हीच मोठी अडचण असते. गावात गर्दी कमी, पण भिंत जाड. म्हणून शहरातील नातेवाइकांचा सल्ला गावाकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

भिंतीतील ओलावा हे दुसरे कारण. परावैद्युतांक कोरड्या मातीचा 3 ते 5, तर पाण्याचा सुमारे 80 असतो. जमिनीतील ओल मोजणारी काही उपकरणे याच फरकावर चालतात. ओल चढलेली भिंत त्यामुळे लहरी अधिक शोषून घेते. उन्हाळ्यात चालणारे वाय-फाय श्रावणात रडू लागले, तर कंपनीला फोन लावण्याआधी भिंतीची ओल आणि गळके कवेलू पाहावेत.

आधी मोजणी, मग खर्च

मातीपरीक्षणासाठी आपण शेतात अनेक ठिकाणचे नमुने घेतो, तसेच येथेही करावे. घराचा कच्चा नकाशा कागदावर काढावा. फोनमध्ये वाय-फायची ताकद दाखवणारे मोफत ॲप घेऊन प्रत्येक खोलीतील आकडा त्यावर लिहावा. आकडा उणे असतो. उणे 50 म्हणजे उत्तम, उणे 67 च्या आसपास व्हिडिओ चालतो, उणे 80 ला काम अडते. दर 10 अंकांच्या घसरणीत ताकद एक दशांश होते, हे लक्षात घेतल्यास दोन जाड भिंती ओलांडण्याची आशा का धरू नये ते कळेल.

नकाशा झाल्यावर राउटरची जागा तपासावी. बहुतेक घरांत तो कोनाड्यात ठेवलेला दिसतो. दिसायला नीटनेटके, पण तीन बाजूंनी भिंत असल्याने ही सर्वांत वाईट जागा. राउटर घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, शक्यतो दाराच्या रेषेत उघड्यावर ठेवावा. लहरी दारातून सहज जातात. धान्याची लोखंडी कोठी, कपाट, आरसा, पाण्याची टाकी आणि टिनपत्रे यांच्या आड तो नसावा.

तार हाच खरा उपाय

जागा बदलूनही माजघर कोरडेच राहिले, तर लहरींना भिंतीतून ढकलण्याचा नाद सोडावा. बांधाच्या पलीकडे पाणी न्यायचे तर आपण पाइप टाकतो. तसेच राउटरपासून कॅट-6 जातीची तार मागच्या खोलीपर्यंत न्यावी आणि तेथे दुसरे यंत्र जोडावे. घरात जुना राउटर पडून असेल आणि त्यात ‘ॲक्सेस पॉइंट’ ही सोय असेल, तर तोही चालतो. दोन्हींना एकच नाव व एकच पासवर्ड द्यावा. अशी तार 100 मीटरपर्यंत चालते, वाड्याला ती पुरून उरते. ती झरोक्यातून किंवा चौकटीच्या कोपऱ्यातून काढावी. भार पेलणाऱ्या मातीच्या भिंतीत मोठे छिद्र पाडू नये. उंदरांपासून बचावासाठी तार पाइपमधून न्यावी.

बाजारात रिपीटरचा आग्रह होतो. तो स्वस्त असतो, पण एकाच पट्ट्यावर घेणे आणि देणे दोन्ही करत असल्याने वेग साधारण निम्मा होतो. तार टाकणे शक्यच नसेल तर तो घ्यावा. मात्र जेथे इंटरनेट येत नाही त्या खोलीत लावू नये. स्वतःलाच पाणी नसलेली विहीर दुसऱ्याला काय देणार? जेथे आकडा उणे 65 च्या आसपास आहे, अशा मधल्या जागी तो लावावा.

माजघरात वाय-फाय पोचले की फोनमधील ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करावे. मोबाइल कंपनीची ही सोय असल्यास टॉवर न मिळणाऱ्या खोलीतूनही बोलता येते.

वीज आणि पावसाळा

गोठा वेगळ्या इमारतीत असेल तर तेथपर्यंत तांब्याची तार ओढू नये. जवळपास वीज पडल्यास तारेतून दाब येऊन यंत्रे जळतात. तेथे फायबर टाकावी, तिच्यातील काच वीज वाहत नाही. मात्र आधारासाठी धातूची तार नसलेली फायबर मागून घ्यावी.

वीज गेल्यावर राउटर चालू राहावा म्हणून छोटा यूपीएस घ्यावा. घेण्यापूर्वी राउटरच्या अडॅप्टरवरील व्होल्टचा आकडा वाचावा. बहुतेक 12 व्होल्टचे असतात, काही 9 व्होल्टचेही आहेत. ढग गडगडू लागताच यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा. घरात फायबरची जोडणी असेल आणि तिचा डबाही याच यूपीएसवर असेल, तर इंटरनेट बॅटरीवर चालू राहते आणि ‘दामिनी’च्या सूचना येत राहतात.